आठ खाचांचा डबा

पोर्ट सईद
११ सप्टेंबर २००५

प्रिय रऊफ,

सलाम. लमीसला आशीर्वाद आणि छोट्या जुमानाला माझा मुका.

घरात फोन असताना ताईला पत्र लिहायची हुक्की कुठून आली, असं तुला वाटेल. फोन आईच्या उशाशी असतो, हे तू विसरलास. मी बोलते ते ती ऐकते, आणि बोलता बोलता गिळते तेही ऐकते. म्हणून हे शाळेत बसून लिहिते आहे. मुलींना नाईलच्या खोऱ्याचा नकाशा रंगवायला दिलाय. त्या रंगवतात, मी लिहिते.

मागच्या आठवड्यात आईला इस्माइलियाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. खालच्या मजल्यावरच्या हाज बय्यूमींनी तिला खुर्चीसकट उचलून टॅक्सीपर्यंत नेलं. खुब्याचं हाड मोडल्यापासून जिना चढायचा-उतरायचा म्हटलं की तेच. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं आणि मला बाहेर बोलावलं. डोळ्यांतल्या दाबाने आतली नस जवळजवळ खाल्ली आहे. गेलेली दृष्टी परत येत नाही. उरलेली हिवाळाभर टिकली तरी खूप. ऑपरेशनचं विचारलं, तर म्हणाले, आता उपयोग नाही.

परत निघालो. आई टॅक्सीत म्हणाली, "डॉक्टरचा आवाज छान होता. लग्न झालंय का त्याचं?" पुढे कालवा आला. मग म्हणाली, "रऊफच्या पोरीला एकदा चालताना बघायचंय."

तू पाठवलेले फोटो तिने भिंगाखाली इतके पाहिलेत की कोपरे मऊ पडलेत. मी म्हटलं, फोटो आहेत की. तर म्हणाली, "फोटोतलं पोर हलत नाही, इनास."

तेव्हा आता मुद्दा. तू दोन वर्षांपूर्वी दिलेला जुना संगणक आईच्या खोलीत आहे, वर डोळ्यासारखा बसवलेला कॅमेराही आहे. त्यावर सध्या विणलेला रुमाल आणि औषधांच्या बाटल्या असतात. इंटरनेटची तार येते माझ्या शिरीनच्या खोलीत, तिच्या संगणकात. तार एक, संगणक दोन. शिरीनचं हे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचं वर्ष. आपल्याकडे अशा घराचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. टीव्हीचा आवाज बंद, पाहुणे बंद, तिच्या खोलीतली खुर्चीसुद्धा इकडची तिकडे करायची नाही. आई तर त्या खोलीच्या दारातही थांबत नाही, पोरीच्या डोक्यातलं रसायनशास्त्र सांडेल म्हणून.

संगणकवाल्या शुक्रीच्या दुकानात जाऊन आले. त्याने तीन डबे समोर ठेवले. तिन्ही सारखेच दिसतात, नावं वेगळी. फरक काय विचारला, तर म्हणतो, "मॅडम, हा चांगला, हा जास्त चांगला, आणि हा तुमच्यासाठी." मी तिन्ही तिथेच ठेवून आले. तू इंजिनियर आहेस. एकच तार दोन संगणकांना पुरायला नेमकं काय घ्यायचं ते लिही, आणि लवकर लिही.

तुझी
इनास


कुवेत
२० सप्टेंबर २००५

प्रिय ताई,

तुझं पत्र मिळालं. डोळ्यांचं वाचलं, दोनदा वाचलं. त्यावर काय लिहायचं ते सुचत नाही, म्हणून तारांचं लिहितो.

आधी एक सांगतो. मी गार हवा नेणाऱ्या पत्र्याच्या नळ्यांचा इंजिनियर आहे. आपल्या गल्लीने मला पुलापासून घड्याळापर्यंत सगळ्याचा इंजिनियर करून ठेवलंय, त्याला माझा इलाज नाही. पण आमच्या ऑफिसचे संगणक बघणारा इद्रीस म्हणून एक सुदानी मित्र आहे. त्याला जेवायला घेऊन गेलो आणि सगळं समजून घेतलं.

शुक्रीचे तीन डबे असे. पहिला हब. तो म्हणजे आपल्या वरच्या मजल्यावरची फरहाची आई. एकीला सांगायची बातमी ती जिन्यात उभी राहून सगळ्यांना सांगते. दुसरा स्विच. तो पोस्टमनसारखा, ज्याचं पत्र त्याच्याच दारात टाकतो. पण या दोघांना बाहेरच्या तारेचं काही कळत नाही, ते घरातल्या घरातच फिरतात. तिसरा राऊटर. तो इमारतीच्या दरवानासारखा. बाहेरचं जग फक्त दरवानाला ओळखतं. आत कोण कुठल्या मजल्यावर राहतं ते त्यालाच माहीत. एक तार दोघांत वाटायची तर दरवान हवा.

एक फुकटचा मार्गही आहे. शिरीनच्या संगणकात आणखी एक कार्ड बसवायचं आणि तिथून तार आईच्या खोलीत न्यायची. मग तिचाच संगणक दरवानाचं काम करतो. बिनतारी राऊटरही मिळतो, भिंतीला भोकं पाडावी लागत नाहीत. आधी कार्ड लावून बघ. शुक्री बसवून देईल.

मी येऊ शकलो असतो तर हे काहीच नको होतं. माझा कफील बदलतोय, म्हणजे ज्याच्या नावावर माझा इथला परवाना असतो तो मालक. पासपोर्ट जूनपासून कागदांबरोबर अडकलाय. नवा शिक्का बसेपर्यंत मी इथून पाय काढला तर परत येता येणार नाही, आणि लमीस आणि पोरगी इथे अडकतील. रोज जाऊन विचारतो. खिडकीतला माणूस आता मला बघताच मान हलवतो, विचारायचीही गरज पडत नाही.

जुमाना चालते. चालते म्हणजे धावते आणि आपटते. आईला सांग, दाखवतो.

तुझा
रऊफ


पोर्ट सईद
१ ऑक्टोबर २००५

प्रिय रऊफ,

कार्ड बसवलं. काल शुक्रवारी जे झालं त्यात तुझ्या बाजूने तुला फक्त अंधार दिसला असेल, इकडचं मी सांगते.

तुझा दरवान म्हणजे शिरीनचा संगणक. तो चालू असेल तरच आईचा चालतो. आता या वर्षी मी शिरीनचा संगणक दुपारनंतर बंद करते आणि त्याची विजेची तार माझ्या कपाटात कुलपात ठेवते. काल तुझ्यासाठी मी ती काढून दिली. शिरीन पाठ करत बसली होती. बराच वेळ कुणी हात लावला नाही म्हणून संगणक आपोआप झोपला. इकडे आईच्या पडद्यावर तुझा तोंड उघडलेला चेहरा आला, "सला" एवढं ऐकू आलं आणि सगळं गेलं. शिरीन घाबरून उठली, भलतंच काही दाबलं आणि तिचा रसायनाचा निबंधही गेला. मग ती रडली. मग आई रडली, शिरीनचा निबंध गेला म्हणून. तुझं नाव कुणी काढलं नाही.

बिनतारीचं म्हणशील तर आपलं घर विसरलास. कालवा खणणाऱ्यांच्या काळातल्या भिंती आहेत. मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर आईच्या खोलीत पोचत नाही. तुझ्या डब्याची हाक काय पोचणार? शुक्रीने दुकानातला एक लावून बघितला. शिरीनच्या दारापर्यंत आला आणि तिथेच बसला.

म्हणजे राऊटरच, आणि तारेचा. शुक्रीकडचा घ्यायला मला भीती वाटते, तो अजून "हा तुमच्यासाठी" म्हणूनच बोट दाखवतो. तूच बघून पाठव.

दोन-तीन दिवसांत रमजान. आई हल्ली दिवसासुद्धा दिवा लावायला सांगते. मी लावते. मग विचारते, "लावलास का?"

तुझी
इनास


कुवेत
१३ ऑक्टोबर २००५

प्रिय ताई,

राऊटर घेतला. इद्रीसला बरोबर नेलं होतं. दुकानात एकाच जातीचे दोन होते: एक चार खाचांचा, एक आठ खाचांचा. एका खाचेत एक संगणक. इद्रीस म्हणाला, तुम्हाला दोनच लागणार, चारसुद्धा जास्त आहेत. मी आठाचा घेतला. त्याला म्हटलं, आमच्या घरात पाहुण्यांच्या खुर्च्या नेहमी माणसांपेक्षा जास्त असतात, आईची तशी रीत आहे. माणसाने जागा ठेवावी.

माझ्याबरोबर कामाला असलेला इज्जत ईदसाठी गावी येतोय, त्याच्याबरोबर पाठवतो. अमानत म्हणून दिलंय, तो जिवापाड सांभाळेल. बरोबर आईसाठी मोठं भिंग आहे आणि शिरीनसाठी चॉकलेट.

दिव्याचं वाचलं. डॉक्टरांना पुन्हा दाखवलंस का? दाखव. मला माहीत आहे, ते काय म्हणतील तेही माहीत आहे. तरी दाखव.

कागदांचं काहीच नाही. रमजानमध्ये कचेरी अर्धा दिवस, आणि त्या अर्ध्या दिवसाचा अर्धा नमाजात जातो.

तुझा
रऊफ


पोर्ट सईद
१३ नोव्हेंबर २००५

प्रिय रऊफ,

ईद मुबारक, उशिरा का होईना. तुझ्या इज्जतने अमानत इतकी सांभाळली की ती आमच्यापर्यंत येऊच दिली नाही. तो विमानतळावरून थेट झगाझिगला सासुरवाडीला गेला आणि डबा सासूच्या पलंगाखाली ठेवला. रोज फोन केला, रोज म्हणाला, "ताई, अगदी सुरक्षित आहे." ईद उलटल्यावर मीच बसने जाऊन घेऊन आले. सासूबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही.

डबा बसला. शुक्रीनेही मान्य केलं की हा त्याच्या तिन्हीपेक्षा बरा. शिरीनच्या दारावरच्या फळीवर ठेवलाय, हिरवे दिवे लुकलुकतात. परवा शुक्रवारी तू आम्हाला पाहिलंसच. तू दिसलास, म्हणजे तुझं कपाळ आणि मागचा पंखा दिसला. कॅमेरा जरा खाली वाकवायला शीक. आणि ज्या छोट्या बाईसाठी हा सगळा खटाटोप, ती टेबलाखाली जाऊन बसली. आई तिला "ये, ये" म्हणत राहिली. तू विचारलंस, आई, दिसतोय का मी? ती म्हणाली, "दिसतोस. जेवलास का?"

आता दुसरी गोष्ट, आणि ही तुझ्या आठाची. तू गेलास तेव्हा आपल्या गल्लीत इंटरनेट नव्हतं, म्हणून तुला माहीत नसेल. आता एका घरी तार असली की शेजारी जोड मागतात. एका सज्ज्यातून दुसऱ्या सज्ज्यात तार टाकायची, वाळत घातलेल्या कपड्यांमधून. आमच्याकडे कुणी मागत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं की शिरीनच्या संगणकाला एकच तार आहे. शनिवारी फरहाची आई ईदच्या बिस्किटांची ताटली परत करायला आली. तिने मान वर करून फळीकडे बघितलं. म्हणाली, "दोन दिवे लागलेत, सहा रिकामे आहेत की."

आता सांग, मी काय म्हणायला हवं होतं? घरात सहा खुर्च्या रिकाम्या दिसताहेत आणि दारातल्या बाईला मी बसू नका म्हणू? फरहाचा नवरा सौदीत दमामला असतो, तिलाही त्याला बघायचंय. चार खाचांचा डबा असता तर उरलेल्या दोन मोडक्या आहेत म्हणून सांगितलं असतं. सहा मोडक्या आहेत असं म्हणणारी मी पहिलीच.

आई आतून म्हणाली, "दे गं तिला. खाच रिकामी ठेवून काय लोणचं घालायचंय?"

तुझी
इनास


कुवेत
२५ नोव्हेंबर २००५

प्रिय ताई,

आज शुक्रवार. आज आई मला दिसली नाही. ठिपक्यांचा एक ढीग दिसला, तो मधूनच हलायचा. आवाज येत होता तोही तुकड्यांत. जुमाना आज टेबलाखाली गेली नाही. खोलीभर फिरली. मी म्हणत होतो, बघ आई, बघ, चालतेय. तुझा आवाज आला: "थांबलंय, रऊफ, चित्र थांबलंय." मग पोरगी दमली आणि झोपली.

इद्रीसला विचारलं. तो म्हणाला, तुमची तार नळासारखी आहे. धार तेवढीच, बादल्या किती लावल्यात ते बघा. किती लावल्यात, ताई?

हे बघ, मला लोकांचं काही वाईट म्हणायचं नाही. पण तो डबा मी आईसाठी पाठवला, गल्लीसाठी नाही. तू शाळेत पन्नास मुलींना एका नजरेने बसवतेस, आणि फरहाच्या आईला एक नाही म्हणता येत नाही? मी इथे आहे, मला काही करता येत नाही. तुला फक्त एक तार ओढायची आहे.

इद्रीस म्हणतो, डब्याच्या आत शिरून कुणाला किती धार द्यायची ते ठरवता येतं. आठ पानांवर सगळं लिहून दिलंय. शुक्रीला दे.

आईचे डोळे कसे आहेत? तू त्यावर काही लिहिलं नाहीस.

तुझा
रऊफ


पोर्ट सईद
९ डिसेंबर २००५

प्रिय रऊफ,

आठच्या आठ लागल्यात. तू विचारलंस म्हणून सांगते.

इद्रीसची पानं शुक्रीला दिली. तो दोन संध्याकाळ डब्याच्या आत शिरला, आणि बाहेर आला तेव्हा कुणालाच धार नव्हती. मग सगळं पुसून पहिल्यासारखं केलं. तो म्हणतो, ही पानं दुसऱ्या डब्याची आहेत.

तार ओढ म्हणतोस. ठीक. मी फळीखाली स्टूल ठेवून उभी राहिले. पहिली तार फरहाच्या आईची. तिच्या सज्ज्यातून दोरीने टोपली खाली येते आमच्यापर्यंत, रोज काहीतरी घालून. काल द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या होत्या. दुसरी समोरच्या मादाम ओदेतची. मी शाळेत असते तेव्हा आईला कोण वाचून दाखवतं? तिसरी हाज बय्यूमींची. त्यांचा मुलगा अलेक्झांड्रियाला जहाजावर शिकतोय. आईला उचलताना त्यांच्या कमरेत लचक भरली, ते त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही, त्यांच्या बायकोने सांगितलं. यातली कुठली ओढू ते तू कळव. मी स्टूलवर उभी राहून तुझ्या पत्राची वाट बघते.

माझ्या हातून एवढंच झालं. मी एकेकाच्या दारी गेले आणि म्हटलं, शुक्रवारी नमाजानंतर एक तास तुमचे संगणक बंद ठेवा. आईला नातीला चालताना बघायचंय. कुणीही तोंड वाकडं केलं नाही. फरहाची आई म्हणाली, "एवढंच ना? मला वाटलं, घर खाली करायला सांगतेस." हाज बय्यूमी म्हणाले, ते जाताना जिन्यात सगळ्यांना आठवण करून देतील.

तेव्हा सोळा तारखेला. जुमानाला दुपारी झोपू देऊ नका. आणि कॅमेरा खाली.

आई बरी आहे.

तुझी
इनास


कुवेत
१८ डिसेंबर २००५

प्रिय ताई,

दोन दिवस झाले, अजून मी हवेत आहे. लमीस म्हणते, तू कामावर हसत जातोस ते लोकांना विचित्र दिसतं.

चित्र एकदाही थांबलं नाही. पण हा काय प्रकार होता? मी संगणक उघडला तर आईच्या पलंगाभोवती सगळी गल्ली. मादाम ओदेत तर उशीवरच बसलेली, आईच्या कानाशी तोंड लावून सारखी बोलतेय. फरहाची आई पायाशी. दोन बायका मला ओळखतासुद्धा आल्या नाहीत. दारात हाज बय्यूमी हात बांधून. सगळे एकदम बोलत होते, थांबतच नव्हते. इंटरनेट बंद ठेवायला सांगितलंस म्हणून वेळ घालवायला तुमच्याकडे आले की काय? तासभराचा तर प्रश्न होता. आईचे शब्द त्या गलक्यातून वेचून काढावे लागले. पुढच्या वेळी दार लाव, हात जोडून सांगतो. मला फक्त आई हवी.

पण ऐक. पोरगी खिडकीपासून दारापर्यंत चालत गेली, आणि आई म्हणाली, "हात पाठीमागे बांधून चालते, अगदी तुझ्या बाबांसारखी. आणि उजवा पाय जरा बाहेर टाकते." ताई, मी रोज तिच्याबरोबर असतो आणि तो उजवा पाय मला कधी दिसला नव्हता. आईने इतक्या लांबून, त्या एवढ्याशा पडद्यावर बघितला. लाल फ्रॉकचा खिसा उलटा बाहेर आलाय हेही तिनेच सांगितलं.

म्हणजे डॉक्टर चुकले. मला वाटतच होतं. हे डॉक्टर आधी घाबरवून ठेवतात. इद्रीसच्या आजीलाही असंच सांगितलं होतं, ती दहा वर्षं सुईत दोरा ओवत होती.

मन हलकं झालं म्हणून खरं सांगतो. मी ठरवलं होतं, जानेवारीपर्यंत शिक्का मिळाला नाही तर सगळं टाकून यायचं, मग काय व्हायचं ते होवो. लमीसला सांगितलं नव्हतं. आता तशी घाई नाही. कागद होतील तसे होऊ दे, उन्हाळ्यात सगळे मिळून येतो.

आणखी वेगवान डबा आलाय बाजारात. पाठवू का? की आईच्या खोलीसाठी मोठा पडदा पाठवू?

तुझा
रऊफ


पोर्ट सईद
१ जानेवारी २००६

प्रिय रऊफ,

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. दोन गोष्टी गाळल्या: डॉक्टर चुकले ही, आणि तू सगळं टाकून येणार होतास ही.

डॉक्टर चुकलेले नाहीत. ईदच्या सकाळी आईने कॉफीचा कप टेबलाच्या कडेपलीकडे, हवेत ठेवला. तो फुटल्याचा आवाज ऐकून म्हणाली, "हात थरथरतो हल्ली." हात थरथरत नव्हता. तू कपाळ दाखवलंस त्या पहिल्या शुक्रवारी तिला उजेडाचा एक चौकोन दिसत होता, आणि मधे काहीतरी काळं. त्यालाच ती "दिसतोस" म्हणाली. डिसेंबर लागला तेव्हा चौकोनही गेला.

तिने माझा हात भाकरीवर ठेवून शपथ घ्यायला लावली होती की रऊफला कळवायचं नाही. म्हणाली, "तो तिथून काय करणार आहे? रडेल, आणि डोळे पुसून कामावर जाईल. नाहीतर नोकरी सोडून इथे येऊन बसेल, आणि मग ती पोर काय खाईल?" तिने तुझं बरोबर ओळखलं होतं, हे तुझ्या पत्रातून कळलं. आज मी शपथ मोडते आहे, कारण तू उन्हाळ्याचं लिहिलंस. उन्हाळ्यात ये. पण तिला बघता यावं म्हणून नको. तू बघावंस म्हणून ये. आणि सगळं टाकून येऊ नकोस. त्यानेही तिला काही दिसणार नाही.

आता त्या गलक्याबद्दल. मी कुणाला बोलावलं नव्हतं. कबूल केल्याप्रमाणे सगळ्यांनी आपापले संगणक बंद केले, आणि मग घरात बसून काय करायचं म्हणून तुझी मुलगी बघायला आले. तुझं अर्धं खरंच आहे. आले तेव्हा ते गंमत बघायलाच आले होते. मला राग आला होता. दार लावणारच होते.

तेवढ्यात तू पडद्यावर आलास आणि आई हसली, पण पडद्याच्या वीतभर डावीकडे बघून. सगळ्यांनी ते पाहिलं. मादाम ओदेत उठली, उशीपाशी बसली, आईची हनुवटी धरून तोंड तुझ्याकडे वळवलं आणि कानात सांगायला लागली. "आता टेबलाखालून निघाली. लाल फ्रॉक. खिशाचं अस्तर बाहेर आलंय." फरहाची आई म्हणाली, "हात मागे बांधलेत बघ, कशी मुख्याध्यापकासारखी." मग कुणी मोज्यांचं सांगितलं, कुणी केसांचं. उजवा पाय दारातून हाज बय्यूमींनी सांगितला: "तुमच्या मालकांची चाल आहे, हाज्जा. मी वीस वर्षं त्यांच्यामागून मशिदीत गेलोय." आईने एकेक ऐकलं, मनात जुळवलं आणि तुला सांगितलं. तू गेल्यावर ती म्हणाली, "पोर पाहिली." मी तिच्याकडे बघितलं. ती मजेत म्हणत नव्हती.

तेव्हा वेगवान डबा नको, पडदाही नको. तारा जिथे आहेत तिथेच राहू देत. आई मला एकही काढू देत नाही.

एकच काम आहे. जुमानाचे डोळे. फरहाची आई म्हणते, मधासारखे आहेत. मादाम ओदेत म्हणते, काळे. आपल्या पडद्यावर रंगाचा भरवसा नाही, तो येतो-जातो, आणि फोटोंतले डोळे ठिपक्यांएवढे, त्यावरून काही कळत नाही. हाज बय्यूमी म्हणाले, दारातून दिसलं नाही, पण तुमच्या खानदानात सगळे तपकिरीच. यावरून त्या दोघी तीन दिवस एकमेकींशी बोलत नाहीत, टोपलीही खाली आलेली नाही. आणि इकडे आईला झोप लागत नाही. बाकी सगळी पोर जुळली आहे, डोळ्यांची जागा तेवढी रिकामी आहे म्हणते.

तू तिथेच आहेस. सकाळी ती उठली की तिला खिडकीपाशी उन्हात उभी कर आणि बघ. फोनवर सांगू नकोस, घाईत होतं. पत्रात लिही. मी तिला वाचून दाखवीन.

आणि रऊफ, नीट बघून लिही.

तुझी
इनास